धोरण, परिणाम आणि निकाल

गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात आणि परीक्षेच्या निकालाला ‘परिणाम’. ‘निकाल’ हा शब्दही त्या भाषेत आहे, पण त्याचा अर्थ विल्हेवाट. तक्रारीचा निकाल, सांडपाण्याचा निकाल, कचऱ्याचा निकाल. बेळगाव-निपाणीकडच्या किंवा बिदर-भालकीच्या वाचकांच्या घरातही अशा फसव्या जोड्या असतीलच. मी स्वतः बडोद्याचा, घरात मराठी, बाहेर गुजराती. नोकरी सगळी गुजराती माध्यमाच्या शाळांत झाली आणि सध्या शहराच्या पश्चिमेला गोत्री भागातील एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. माझ्या लहानपणी गोत्री हे गाव होते आणि आम्ही तिकडे ‘शेतात जातो’ असे म्हणून जात असू. आता तिथे मोठे सरकारी रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उंच इमारतींच्या रांगा आहेत.

२०२५च्या जुलै महिन्यात राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे जाहीर झाले, त्या आठवड्यात नववीच्या एका वर्गावर मी बदली तासाला गेलो होतो. गुजराती उताऱ्यावरचे प्रश्न मुलांनी सोडवले होते. उतारा शहरातील कचऱ्याच्या ‘निकाला’वर होता. एका मुलीने उत्तर लिहिले होते, ‘कचऱ्याचा निकाल चांगला लागला तर शहर पहिले येते.’ वर्ग हसला. मुलगी मराठी, वडील शहादे तालुक्यातून कारखान्याच्या कामासाठी आलेले. वाचायला सांगितले तर उतारा तिने कुठेही न अडखळता वाचला, उच्चारही शुद्ध. मी विचारले, ‘निकाल म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘सर, निकाल म्हणजे रिझल्ट.’ तिचे उत्तर मराठीत पूर्ण बरोबर होते. पेपरात मात्र त्या उत्तराला शून्य गुण, आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात ती ‘भाषेत अपेक्षित पातळी न गाठलेली’ या रकान्यात गेली असती.

या लेखाचे मूळ त्या तासात आहे. विषय मात्र त्या मुलीपेक्षा मोठा आहे आणि त्याला बडोद्यात सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

आधी आकडे सांगतो, कारण ‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत चहाइतकेच नियमाने फिरते आणि त्यावर विसंबून काही लिहू नये. आपल्या देशात एनसीईआरटीने २००१च्या सुमारास राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण सुरू केले. सुरुवातीला ते थोड्या इयत्तांपुरते आणि संथ होते. १३ नोव्हेंबर २०१७ला तिसरी, पाचवी आणि आठवीची परीक्षा देशभर एकाच दिवशी झाली. सुमारे २२ लाख मुले बसली. १२ नोव्हेंबर २०२१ला पुन्हा तसेच झाले, या वेळी दहावीही धरून, आणि ३४ लाख मुले होती. गुणांची मोजपट्टी ५००ची. तिसरीच्या भाषेची देशाची सरासरी २०१७ला ३३६ होती, ती २०२१ला ३२३ झाली. पाचवीचे गणित ३१० वरून २८४ वर आले, आठवीचे २६९ वरून २५५ वर. करोनाने शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या होत्या, तेव्हा घसरण समजण्यासारखी आहे. पण करोनाच्या आधीच्या आकड्यांतही एक गोष्ट दिसते, ती म्हणजे इयत्ता जितकी वरची तितकी सरासरी खाली. ४ डिसेंबर २०२४ला ‘परख’ या नावाने झालेल्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी घेतली होती. त्यात गणिताची बरोबर उत्तरे तिसरीत शंभरातली साठ, सहावीत सेहेचाळीस, नववीत सदतीस. सहावीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना, शंभरातल्या त्रेपन्न जणांना, दहापर्यंतचे पाढे येत होते.

दुसरी मोजणी ‘असर’ची. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५पासून ती चालवली. कार्यकर्ता खेड्यात घरी जातो, मुलाला दुसरीच्या पातळीचा एक लहान उतारा वाचायला देतो आणि ऐकतो. पाचवीतल्या ज्या मुलांना हा दुसरीचा उतारा वाचता आला, त्यांचे प्रमाण २०१८ला ५०.५ टक्के, २०२२ला ४२.८ आणि २०२४ला ४८.८ होते. म्हणजे पडझड झाली आणि बरीचशी भरूनही निघाली. पण भरून निघाल्यावरसुद्धा पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही.

आता याच्या शेजारी दहावीचा निकाल ठेवू. गुजरात बोर्डाचा दहावीचा निकाल २०२३ला ६४.६२ टक्के लागला आणि २०२४ला ८२.५६ टक्के. एका वर्षात अठरा टक्के! मुलांची बुद्धी एका वर्षात एवढी वाढत नाही. प्रश्नपत्रिकेची घडण आणि तपासणीचा हात मात्र वाढू शकतो. दोन्ही वर्षी आम्ही शाळेत पेढे वाटले. पेढ्याला हरकत नाही, पण त्या टक्केवारीवरून मुलाला वाचता येते की नाही हे कळत नाही, हे पेढा खाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

आता बडोद्याकडे वळतो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याची अक्षरओळखही जवळजवळ नव्हती. पुढे इलियट साहेबाच्या हाताखाली चार भाषा शिकून १८८१ला त्याने राज्यकारभार हाती घेतला. तेच तिसरे सयाजीराव. १८८२ला महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. इंग्रज सरकारने ती बाजूला ठेवली. सयाजीरावांनी १८९३ला अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ला संपूर्ण राज्याला कायदा लावला. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहाच्या. पाठवले नाही तर पालकाला दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ला कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. विधेयक १९१२ला फेटाळले गेले, तो दाखला मात्र राहिला.

हा भाग बडोद्यातला प्रत्येक मराठी माणूस अभिमानाने सांगतो, मीही वर्गात सांगतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सक्तीने मूल शाळेत आले, हजेरी भरली, चौथी-पाचवी पास झाले आणि शेतावर किंवा धंद्यावर गेले. चार-पाच वर्षांनी त्याला वाचता येईना. पास झालेले मूल पुन्हा निरक्षर होते, हे राज्याच्या लक्षात आले. आजच्या भाषेत सांगायचे तर हजेरी आणि निकाल हे दोन्ही आकडे चांगले होते आणि साक्षरता गळत होती. यावर सयाजीरावांनी परीक्षा वाढवल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला १९१०ला बोलावले आणि गावोगाव वाचनालये उभी केली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. फिरत्या पेटीतले पुस्तक कोणी मागून नेतो का, हीच शाळेत काय झाले याची खरी तपासणी होती. तिचा तक्ता कोणी काढला नाही हे खरे, पण ती फसवता येण्यासारखी नव्हती.

माझ्या आजोबांचे शिक्षण त्याच राज्यात, मराठी शाळेत, पाचवीपर्यंत झाले. ‘फायनल’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलला ते बसलेच नाहीत. त्या परीक्षेचे नाव ते आयुष्यभर आदराने आणि थोड्या धाकाने घेत. पण म्हातारपणी दुपारी ओसरीवर बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचत, मराठी आणि गुजराती दोन्ही, आणि शेजारच्या ज्यांना वाचता येत नसे ते ऐकायला बसत. डिपोटी साहेब शाळेत येणार असले की मास्तर आदल्या दिवशी शेण-सारवण करून घेत आणि हुशार मुलांना पुढच्या बाकावर आणत, असेही आजोबा हसत सांगत.

पुढच्या बाकाची ही युक्तीही आपल्याकडची नव्हे, आणि आजची तर नव्हेच. इंग्लंडमध्ये १८६२ला रॉबर्ट लो यांनी एक संहिता केली. वर्षातून एकदा तपासनीस येईल, प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन, गणित तपासील आणि जितकी मुले पास होतील तितक्या डोक्यांचे अनुदान शाळेला मिळेल. ‘निकालावर वेतन’ असे तिचे नाव पडले. काही वर्षांत तपासनिसांना दिसू लागले की मुले वाचनपुस्तक अस्खलित म्हणतात आणि पुस्तक उलटे धरले तरी तितक्याच अस्खलित म्हणतात. कवी मॅथ्यू अर्नल्ड हे स्वतः तपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. तरी ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि अनुदानित शाळा तिच्यावर चालल्या. १९०४च्या शिक्षणविषयक ठरावात लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने परीक्षांचा अतिरेक आणि निकालावर अनुदान या दोन्हींना दोष दिला, तोवर चाळीस वर्षे उलटली होती. म्हणजे हा धडा आपल्या देशाने एकदा फी भरून शिकलेला आहे.

अमेरिकेने तो पुन्हा शिकला. तिथे २००२पासून केंद्रीय कायद्याने दरवर्षीच्या चाचण्या शाळांच्या नशिबाशी जोडल्या. अटलांटा शहरात २००९च्या चाचणीत शिक्षकांनी मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली होती, हे २०११च्या चौकशीत बाहेर आले आणि २०१५ला अकरा शिक्षक-अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. खोडरबराच्या खुणांवरून पकडले गेले, एवढाच आपल्या पुढच्या बाकाशी फरक.

गुजरातने २००९ला ‘गुणोत्सव’ सुरू केला. प्राथमिक शाळांची तपासणी, शिक्षकांचे स्वमूल्यमापन, त्यावर बाहेरच्या अधिकाऱ्यांची आणि मंत्र्यांचीही भेट, आणि शाळेला श्रेणी. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कितीतरी शाळांत वाचन ही गोष्ट प्रथमच कोणीतरी ऐकली. त्याच सुमारास शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरले. २०१९ला त्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला थांबवण्याची मुभा राज्यांना मिळाली. धोरण बदलले की धोरण अडते, धोरण बदलले की धोरण सुटते. हे वाक्य मराठीत विचित्र वाटले तर पहिला परिच्छेद पुन्हा पाहावा. नापास न करण्याने मुले बिघडली, असे माझे बहुतेक सहकारी म्हणतात. मला ते अर्धेच पटते. पूर्वीचे नापास झालेले मूल दुसऱ्या वर्षी शहाणे होत नसे, ते शाळा सोडत असे आणि मग आपल्या टक्केवारीत ते दिसतच नसे.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा अधिकार मला नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिक्षक होतो. नाव सांगत नाही. बाहेरून तपासणी यायची होती. आदल्या संध्याकाळी आम्ही शिक्षकांनी बसून यादी केली, आणि ज्या तीन मुलांना वाचता येत नव्हते त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊ नये असे ठरले. कोणी आज्ञा केली नव्हती, कोणी कागदावर लिहिले नव्हते. एका मुलाचे घर माझ्या वाटेवर होते, म्हणून निरोप मी न्यायचा. बांधकामाच्या जागेवरची झोपडी, माणसे धुळ्याकडची. मुलगा नळावर गेला होता. त्याच्या आईने विचारले, ‘सर, उद्या सुट्टी शे का?’ मी ‘हो’ म्हणालो. ती म्हणाली, ‘बरं झालं, त्याले ताप शे.’ खरोखरच ताप होता की माझी सुटका करण्यासाठी ती तसे म्हणाली, हे मला आजही कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी उत्तम झाली. साहेबांनी वर्गातल्या मुलांचे वाचन ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. मी चौकशी केली तेव्हा इमारत पुरी झाली होती आणि माणसे पुढच्या कामावर गेली होती.

त्या वर्षीच्या आमच्या शाळेच्या आकड्यात तो नव्हता. आकडा खोटा नव्हता, फक्त तो त्यात नव्हता.

राष्ट्रीय सर्वेक्षणाबद्दल न्यायाने एक सांगायला हवे. ते नमुना पद्धतीचे आहे. त्यात मुलाला गुणपत्रिका मिळत नाही, शाळेला पारितोषिक किंवा शिक्षा नाही, म्हणून ते मुळात ‘निकालावर वेतन’ नव्हे. जिल्ह्याला आरसा दाखवावा, एवढेच त्याचे काम. पण आरशात जिल्ह्यांची आणि राज्यांची क्रमवारी लावली गेली की आरसाही परीक्षा होतो. मग सराव-प्रश्नपत्रिका येतात, उत्तराचे गोल काळे कसे करायचे याचे तास होतात. आंतरराष्ट्रीय आरशाचेही तसेच. २००९च्या ‘पिसा’ चाचणीच्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली आणि चौऱ्याहत्तर प्रदेशांत शेवटून दुसरी-तिसरी आली. मागे फक्त किर्गिझस्तान होता. प्रश्न आपल्या मुलांच्या परिचयाचे नव्हते, असे तेव्हा सांगितले गेले. ते काही अंशी खरेही असेल. पण त्यावर उपाय म्हणून आपण अनेक वर्षे त्या चाचणीला बसलोच नाही. तीन मुलांना घरी ठेवणाऱ्या मास्तराला ही युक्ती ओळखीची वाटली, हे सांगायला नको.

सीमेवरच्या आपल्या घरांसाठी मात्र यात एक वेगळी गाठ आहे. सर्वेक्षणाची परीक्षा शाळेच्या माध्यमाच्या भाषेत होते. १९४९ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६०ला गुजरात वेगळे झाले, आणि दरबारची मराठी ही शहरातल्या अल्पसंख्याकांची भाषा झाली. घटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे लिहिले आहे. ते १९५६पासून आहे. पण पालकांनीच मराठी शाळेकडे पाठ फिरवली, आधी गुजरातीसाठी आणि मग इंग्रजीसाठी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माझी स्वतःची दोन्ही मुले मराठी शाळेत गेलेली नाहीत. परिणाम असा की मूल घरी आजीकडून पाढे शिकते आणि शाळेत त्यालाच ‘घडिया’ म्हणतात. घरी ‘बेरीज’ असते, शाळेत ‘सरवाळो’. नववीत येईपर्यंत बहुतेकांचे जमून जाते. दोन भाषांचे मूल खरे तर अधिक जाणते. पण तिसरी-चौथीत, जिथे सगळा पाया घातला जातो, तिथे ते मूल प्रश्न समजून घेण्यात मागे पडते आणि तक्ता म्हणतो की त्याला गणित येत नाही. त्याला गणित येत नाही की ‘सरवाळो’ येत नाही, हे विचारायला तक्त्यात जागा नाही. ते फक्त समोर बसलेला माणूस विचारू शकतो.

गोत्रीत विनोबांच्या नावाचा आश्रम आहे, तिथे निसर्गोपचार चालतात. त्यावरून जाताना मला दर वेळी आठवते की विनोबा बडोद्याचेच विद्यार्थी. १९१६च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला निघून गेले. आधीची प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली होती. विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी सांगत नाही. परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नाही. ज्याला अठरा-वीस भाषा येणार होत्या त्याने प्रमाणपत्रे जाळली तर चालते, आमच्या मुलांना अजून नोकरीच्या अर्जाला ती जोडायची असतात.

जुलैपासून एक केले आहे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मी कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो आणि नववीतली मुले एकेक करून येतात. सहावीच्या पुस्तकातले कोणतेही पान उघडायचे, वाचायचे आणि मग पुस्तक मिटून मला सांगायचे, कोणत्याही भाषेत. गुण लिहीत नाही. वहीत फक्त तारीख आणि अडलेले शब्द लिहितो. शिक्षकांपैकी दोघांना हे वेळ घालवणे वाटते आणि त्यांनी तसे मला सांगितले आहे. पाठ्यक्रम मागे पडतो हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. ‘निकाल’वाली मुलगी पहिल्याच आठवड्यात येऊन गेली. तिच्या नावापुढे एकच शब्द आहे. काही मुलांच्या नावापुढे पान भरले आहे, आणि ती मुले आठ वर्षे आमच्या नाहीतर शेजारच्या शाळांच्या हजेरीपटावर होती.

एक ‘ब’ वर्ग झाला. ‘क’ वर्गातली बावीस मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर यायची आहेत.